भिंतीपलीकडे वाजलेली घंटा : जगदीशचंद्र बोस



निजामपुऱ्यात राहणाऱ्याला दारावरच्या बेलचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. खाली पावरलूमची शेड, वर राहती घरं. माग सुरू असले की शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो, मग जिन्याखालची बेल कोणाला ऐकू येणार? गॅसवाला टाकी घेऊन परत जातो. पोस्टमन रजिस्टर घेऊन परत जातो. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे तर दार बडवण्यावाचून इलाज नाही. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी यंदा वेगळी बेल करायचं ठरवलं. बटण दारावर, सूचना मोबाइलवर. खिशातला फोन थरथरला की मागाच्या खडखडाटातही कळतं.

सामान थोडंच आहे. वाय-फाय असलेला नोडएमसीयू नावाचा छोटा बोर्ड, एक साधं बेलचं बटण, दोन वायरी आणि मोबाइलचा जुना चार्जर. बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बटण दाबलं की बोर्डाला कळतं, बोर्ड घरच्या राउटरला सांगतो, राउटर इंटरनेटवरून टेलिग्रामला आणि टेलिग्राम आपल्या फोनला. सगळं पाच व्होल्टवर चालतं, त्यामुळे शॉकची भीती नाही. फक्त भिंतीतल्या मेन लाइनला कोणी हात लावायचा नाही, ते काम वायरमनचं.

बोर्डापासून राउटरपर्यंत मध्ये एकही तार नाही, तरी निरोप जातो. आज याचं कोणाला नवल वाटत नाही. पण हवेतून, भिंतीतून आरपार विजेची लाट पाठवून पलीकडची घंटा वाजवता येते, हे आपल्या देशात भरसभेत दाखवून दिलं ते जगदीशचंद्र बोस यांनी, १८९५ साली. पाठ्यपुस्तकात ते आपल्याला झाडांना संवेदना असते असं सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून भेटतात. आज घंटेवाले बोस बघू.

त्याआधी घंटेविषयी दोन शब्द. विजेची घंटा ही जगदीशचंद्रांच्याही आधीची. अमेरिकेत ऑल्बनी गावी जोसेफ हेन्री या शिक्षकाने १८३१ मध्ये मैलाहून लांब तार खोलीभर गुंडाळून तिच्या दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबकाने घंटा वाजवून दाखवली होती. पुढे पन्नास-साठ वर्षं सगळा कारभार तारेवर चालला. मॅक्सवेलने कागदावर गणित मांडून सांगितलं होतं की विजेच्या लाटा असतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने जातात. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. पण हर्ट्झच्या प्रयोगात लाट पोहोचली की नाही हे ओळखायला अंधाऱ्या खोलीत बारीकशी ठिणगी डोळ्यांनी शोधावी लागे. लाट पाठवणारा सापडला होता, ऐकणारा कान कच्चा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातल्या मयमनसिंहचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, ब्राह्मो समाजाचे. त्या काळी साहेबी नोकरीतल्या माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेतच जायचा. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातलं. तिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. या दोघांकडून ऐकलेल्या पाखरांच्या, जनावरांच्या आणि पाण्यातल्या जिवांच्या गोष्टींनी आपल्याला निसर्गाची ओढ लागली, असं जगदीशचंद्र म्हातारपणीही सांगत. आपल्या वर्गातही अशा जोड्या बसतात. कोणाचे वडील माग चालवतात, कोणाचे टेम्पो. एकमेकांच्या घरच्या कामाच्या गोष्टी ऐकत जा, त्यात पुष्कळ विज्ञान असतं.

पुढे कोलकात्याला हेअर स्कूल, मग सेंट झेवियर्स. कॉलेजात फादर लाफों नावाचे शिक्षक होते. ते फळ्यावर कमी आणि टेबलावर जास्त शिकवत, म्हणजे प्रयोग करून दाखवत. प्रयोग लोकांसमोर मांडायची जगदीशचंद्रांची हातोटी इथली. १८८० मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण अंगात जुना ताप होता, शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना, म्हणून वैद्यकी सोडली आणि केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले त्यांना शिकवायला होते. १८८४ मध्ये पदवी झाली आणि पुढच्या वर्षी ते परत आले.

आता पगाराची गोष्ट. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना पदार्थविज्ञानाचे हंगामी प्राध्यापक म्हणून घेतलं. तेही शिक्षण खात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांची मर्जी नसताना, कारण हिंदी माणसाला काटेकोर विज्ञान शिकवता येणार नाही असा त्यांचा ठाम समज. नियम असा होता की हिंदी प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार. त्यात नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. हिशेब करा, एक तृतीयांश उरतो. काम तेच, तास तेच, मुलं तीच.

जगदीशचंद्रांनी राजीनामा दिला नाही, तास बुडवले नाहीत, भांडणही केलं नाही. पगाराचा चेक मात्र घेतला नाही. एक महिना नव्हे, तीन वर्षं. आमचा पगार आठ दिवस लांबला तरी स्टाफरूममध्ये दुसरा विषय निघत नाही, म्हणून मला या तीन वर्षांचं वजन जरा जास्त कळतं. घरची परिस्थितीही बेताचीच होती. वडिलांनी लोकांसाठी काढलेले उद्योग बुडाले होते, कर्ज डोक्यावर होतं, वडिलोपार्जित जमीन विकून ते फेडणं चालू होतं. त्यातच १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं. अबलाबाई मद्रासला वैद्यकी शिकलेल्या होत्या. कोलकात्यात राहणं परवडेना म्हणून दोघांनी हुगळीकाठी चंद्रनगरला घर घेतलं. सकाळी होडी वल्हवत नदी ओलांडायची, पलीकडे आगगाडी धरायची. अबलाबाई होडी परत न्यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा घ्यायला यायच्या.

तीन वर्षांनी खात्याने हार मानली. नेमणूक कायम झाली, तीही पहिल्या दिवसापासून, आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हातात आला. तो कर्जात गेला.

पण पगार मिळाला म्हणून प्रयोगशाळा मिळाली असं नाही. कॉलेजात त्यांना जी जागा होती ती संडासाला लागून, २४ चौरस फूट. म्हणजे सहा बाय चार, आपल्या चाळीतल्या मोरीएवढी. संशोधनासाठी सरकारी पैसा नाही. आठवड्याचे भरपूर तास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या खिशातून खर्च करून काय करायचं ते करायचं. ३० नोव्हेंबर १८९४ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी ठरवलं की आता संशोधनच करायचं. छत्तीस हे वय विज्ञानात नव्याने सुरुवात करायला उशिराचं समजतात.

विषय निवडला तो हर्ट्झच्या लाटांचा. हर्ट्झच्या लाटा लांब होत्या, कित्येक सेंटिमीटर ते काही मीटर. त्या लाटा प्रकाशासारख्याच वाकतात, परततात का, हे तपासायला प्रचंड भिंगं आणि आरसे लागत. जगदीशचंद्रांनी उलट केलं. लाटाच बारीक केल्या, अगदी ५ मिलिमीटरपर्यंत. लाट लहान झाली की उपकरणही लहान होतं, सगळं टेबलावर मावतं. सहा बाय चारच्या खोलीत दुसरं काय मावलं असतं म्हणा! आपल्या वाय-फायची लाट साधारण साडेबारा सेंटिमीटरची असते. जगदीशचंद्रांची तिच्या पंचविसाव्या हिश्शाइतकी होती. इतक्या बारीक लाटा त्या वेळी जगात फारसं कोणी हाताळत नव्हतं.

आणि उपकरणं कोणी बनवली? विलायतेहून मागवायला पैसे नव्हते. एका पत्र्याचं काम करणाऱ्या देशी कारागिराला हाताशी धरून, शिकवून, त्याच्याकडून सगळं घडवून घेतलं. लाट गोळा करायला धातूचं नरसाळं लावलं. आज त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. लाटेची दिशा निवडायला, म्हणजे ध्रुवीकरणाला, चाळणी हवी होती, तर रेल्वेचं ब्रॅडशॉ वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातला. ते जाडजूड पुस्तक एका बाजूने धरलं की लाट अडते, फिरवून धरलं की जाते. लाटेची पातळी फिरवून दाखवायला तागाच्या धाग्यांना पीळ देऊन जुड्या केल्या. ताग बंगालात मिळतोच. आपल्या मुलांनी बोर्डाला डबा म्हणून मिठाईचा रिकामा डबा वापरला, तेव्हा एकजण जरा लाजत होता. त्याला मी हे वेळापत्रक सांगितलं. मात्र डबा पत्र्याचा नको, प्लॅस्टिकचा हवा. पत्र्याने वाय-फाय अडतं, आणि का अडतं ते आता तुम्हाला सांगता येईल.

आता तो कान. लाट आली हे ओळखायला तेव्हा कोहिअरर नावाची नळी वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला. एरवी त्यातून वीज नीट जात नाही. लाट येऊन आपटली की कीसाचे कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहू लागते आणि तिला जोडलेली घंटा वाजते. पण गंमत अशी की लाट गेली तरी कण चिकटलेलेच राहतात! घंटा थांबतच नाही. मग नळीला टिचकी मारून कण मोकळे करावे लागतात. रशियात पोपोव यांनी त्याच १८९५ साली युक्ती काढली, घंटेच्या हातोडीनेच परतताना नळीवर टोला मारायचा. जगदीशचंद्रांनी कीसाची लहर सांभाळत बसण्यापेक्षा बारीक स्प्रिंगांची ओळ लावली आणि स्क्रूने त्यांच्यावरचा दाब कमीजास्त करता येईल असं केलं.

आपल्या बेललाही हाच रोग झाला होता, बरं का. बटण एकदा दाबलं तर फोनवर सात-आठ सूचना! बटणाच्या आतली पत्री दाबताना क्षणभर थरथरते, बोर्डाला प्रत्येक थरथर वेगळी दाबणी वाटते. मुलांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की पहिल्या दाबणीनंतर काही क्षण दुसरं काही ऐकायचं नाही. एकदाच ऐकायचं आणि लगेच पुन्हा ऐकायला तयार व्हायचं, ही कुठल्याही बेलची खरी परीक्षा.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग झाला. अध्यक्ष होते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर. व्याख्यानाच्या खोलीत लाट सोडणारं यंत्र, आणि घेणारं यंत्र तिथून ७५ फुटांवर तिसऱ्या खोलीत. मध्ये तीन पक्क्या भिंती. वाटेत खुद्द लेफ्टनंट गव्हर्नरसाहेब, त्यांच्या शरीरातूनही लाट गेली. पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, पिस्तुलाचा बार झाला, छोटासा दारूचा सुरुंग उडाला. घंटा वाजवायला लागणारी वीज पलीकडच्या बॅटरीत होतीच. लाटेने फक्त दार उघडावं तसा तिचा मार्ग मोकळा केला. नेमकं हेच आपला बोर्ड करतो. फोन थरथरतो तो फोनच्या बॅटरीवर, आपली लाट फक्त आता थरथर एवढंच सांगते.

तारेच्या जमान्यातल्या प्रेक्षकांना हे जादूसारखं वाटलं असेल. जगदीशचंद्रांना मात्र जादूपेक्षा मोजमाप प्रिय. लाट काचेतून गेल्यावर किती वाकते, गंधकातून किती, स्फटिकातून गेल्यावर तिचं काय होतं, याचे निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागले. लंडन विद्यापीठाने १८९६ मध्ये त्यांना डी.एस्सी. दिली. त्याच वर्षी ते इंग्लंडला गेले. लिव्हरपूलच्या सभेत प्रयोग संपल्यावर वयोवृद्ध लॉर्ड केल्व्हिन लंगडत जिना चढून वर महिलांच्या सज्जात गेले आणि त्यांनी अबलाबाईंचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं. ज्या होडीने ती तीन वर्षं निभावली, तिची एक वल्ही यांच्या हातात होती हे केल्व्हिनना माहीत असणं शक्य नव्हतं, पण अभिनंदन योग्य ठिकाणी झालं असं मला वाटतं. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारचं व्याख्यान झालं. फॅरडे जिथे बोलत असे तीच जागा.

त्याच सुमारास मार्कोनी नावाचा विशीतला इटालियन तरुण लंडनमध्ये होता. त्याला लाटेच्या गुणधर्मांपेक्षा निरोपात रस होता, आणि निरोपाच्या धंद्यात. त्याने पेटंट घेतलं, कंपनी काढली. जगदीशचंद्र पेटंट घ्यायला तयार नव्हते. ज्ञानाला कुलूप लावायचं नाही अशी त्यांची धारणा. १८९९ मध्ये त्यांनी कानाची आणखी सुधारलेली जात रॉयल सोसायटीपुढे मांडली. लोखंड आणि पारा यांचा स्पर्श, सोबत टेलिफोनची श्रवणी. टिचकी मारायची गरजच नाही, आपोआप मोकळी होते. सगळी रचना छापून खुली केली. १२ डिसेंबर १९०१ ला अटलांटिकपलीकडचा पहिला बिनतारी संकेत मार्कोनीने ऐकला, तो पाऱ्याच्या अशाच एका शोधकाला टेलिफोन जोडून. तो त्याला इटालियन नौदलातल्या मित्राकडून मिळाला होता. याचं मूळ बोसांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असं १९९८ मध्ये एका अभियंत्याने पुरावे मांडून दाखवलं आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मार्कोनीला १९०९ मध्ये नोबेल मिळालं.

यावर वर्गात नेहमी वाद होतो, आणि व्हावा. मार्कोनी चोर होता असं म्हणून मोकळं होऊ नका. समुद्रापार निरोप पोहोचवणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं. जगदीशचंद्रांना लंडनमध्ये एका तार कंपनीच्या मालकाने पेटंटचे कागद आणि नफ्यात वाटा देऊ केला होता, त्यांनी तो नाकारला. मित्र रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून त्यांनी हे कळवलंही होतं. भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांना हे पटेना. त्यांनी फार आग्रह केला तेव्हा गॅलेना नावाच्या खनिजाच्या स्फटिकापासून केलेल्या शोधकाचं अमेरिकन पेटंट १९०१ मध्ये मागितलं गेलं आणि २९ मार्च १९०४ ला मिळालं. क्रमांक ७५५८४०. अर्धवाहकाचं म्हणजे सेमीकंडक्टरचं हे पहिल्या पेटंटांपैकी एक. तेही जगदीशचंद्रांनी वापरलं नाही, तसंच संपू दिलं.

माझ्यापुरतं विचाराल तर मला दोन्ही बाजू दिसतात. पेटंटचा पैसा आला असता तर प्रयोगशाळेसाठी वीस वर्षं वाट पाहावी लागली नसती. दुसरीकडे, आपल्या बेलचा प्रोग्रॅम मुलांनी कुठे विकत घेतला नाही. अर्डुइनोची सगळी साधनं ती बनवणाऱ्यांनी फुकट आणि खुली ठेवली आहेत, म्हणून दोन-तीनशे रुपयांत निजामपुऱ्यातल्या आठवीच्या मुलाला ती करता आली. कोणीतरी कुलूप न लावल्याचा फायदा आपण रोज घेतो.

पुढचं आयुष्य तुम्ही पुस्तकात वाचलेलं आहे, म्हणून थोडक्यात. शोधक सतत वापरला की थकतो आणि विश्रांती दिली की ताजा होतो, हे बघताना त्यांना वाटलं की हे सजीवासारखंच झालं. तिथून ते धातूवरून स्नायूवर आणि स्नायूवरून झाडावर गेले. १९०२ मध्ये या विषयावर ग्रंथ आला. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी कडवा विरोध केला, त्यांचा निबंध अडवला. त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला, झाडाची वाढ दहा हजारपट मोठी करून दाखवणारा. त्यांच्या काही निष्कर्षांवर आजही मतभेद आहेत, पण वनस्पतीत विजेचे संदेश फिरतात हे आता सगळे मानतात. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. ३० नोव्हेंबर १९१७ ला, एकोणसाठाव्या वाढदिवशी, कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर उघडलं. इथल्या शोधांवर पेटंट घ्यायचं नाही असा त्या संस्थेचा दंडक त्यांनीच घातला. १९२० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं.

प्रदर्शनाला येणाऱ्यांसाठी एक सूचना. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की बेल मुकी. म्हणून मुलांनी त्याच बटणाला सेलवरचा साधा बझरही जोडला आहे. लूमही तेव्हा बंदच असतात, त्यामुळे बझर ऐकू येतो. ज्यांना घरी करायची आहे त्यांनी बोर्ड जिन्याच्या बाजूला, राउटरपासून कमीत कमी भिंती मध्ये येतील असा लावावा.

जगदीशचंद्र २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह येथे गेले, एकोणऐंशी पूर्ण व्हायला आठवडा राहिला असताना. त्यांनी पत्र्यातून आणि तागातून घडवलेली काही उपकरणं बसू विज्ञान मंदिरात जपून ठेवली आहेत. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने कोलकात्यात स्मृतिफलक बसवला. मिलिमीटर लाटांनी संदेशवहनाचे पहिले प्रयोग जगदीशचंद्रांनी १८९४ ते १८९६ या काळात केले, अशी त्यावर नोंद आहे.